गरोदर माता, मशेरी आणि डॉक्टरांचा सल्ला

(चिखलोली येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात कोणी गरोदरपणावर बोलायला उभे राहिले म्हणजे काही पालकांच्या भुवया उंचावतात, हे मला ठाऊक आहे. मुलांच्या अभ्यासाबद्दल बोला, परीक्षांबद्दल बोला, हा विषय इथे कशाला, असे त्यांना वाटते. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की जो मेंदू पुढे वर्गात बसून गणिते सोडवणार असतो, तो आईच्या पोटात नऊ महिने घडत असतो. दिवस भरायच्या आत जन्मलेले, वजनाने फार कमी असलेले मूल जगले तरी पुष्कळदा अशक्त राहते, वारंवार आजारी पडते, शाळा बुडवते आणि अभ्यासात मागे राहते. मग आपण मास्तरांना दोष देतो आणि मुलालाही. तेव्हा हा विषय शिक्षणाच्या बाहेरचा नाही.

गरोदर बाईचे नाव दवाखान्यात पहिल्यांदा नोंदवतात तेव्हा डॉक्टर किंवा नर्स तिला चार प्रश्न विचारतात. त्यातला एक प्रश्न पुष्कळदा असा असतो : "सिगारेट, दारू वगैरे काही?" आपल्या समाजातली बाई ताबडतोब म्हणते, "तौबा तौबा, डॉक्टरीणबाई! आमच्या घरात असले काही नाही." कागदावर 'नाही' असे लिहिले जाते आणि पुढचा प्रश्न येतो.

बाई खोटे बोललेली नसते. पण त्याच दिवशी सकाळी घरून निघण्यापूर्वी तिने मशेरी लावलेली असते. जेवणानंतर ती पुन्हा लावायची असते आणि रात्री निजताना पुन्हा. तिच्या लेखी मशेरी म्हणजे तंबाखू नव्हेच, ते दात घासणे आहे. डॉक्टरांच्या लेखी प्रश्न विचारून झाला आणि उत्तरही मिळाले. दोघांच्या मधून मशेरी निसटून जाते. आज मला ह्या निसटलेल्या मशेरीविषयीच मुख्यतः बोलायचे आहे.

प्रथम सिगारेट आणि दारू यांच्याबद्दल वैद्यकशास्त्राला काय कळले, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५७ साली सिम्प्सन नावाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की सिगारेट ओढणाऱ्या मातांची मुले अपुऱ्या वाढीची जन्मण्याचे प्रमाण न ओढणाऱ्या मातांच्या मानाने जवळजवळ दुप्पट असते. दारूच्या बाबतीत फ्रान्समधील डॉक्टर लमवान यांनी १९६८ साली दारू पिणाऱ्या मातापित्यांच्या १२७ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी, १९७३ साली, अमेरिकेतील जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी तसाच विकार वर्णन करून त्याला नाव दिले. अशा मुलांची वाढ खुंटलेली असते, चेहऱ्याची ठेवण वेगळी दिसते आणि बुद्धीला जन्मतःच इजा झालेली असते. ही इजा पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. गरोदरपणात अमुक इतकी दारू चालेल असा सुरक्षित आकडा आजवर कोणाला सापडलेला नाही, म्हणून आजचे डॉक्टर एक थेंबही नको असे सांगतात.

इथे कोणी म्हणेल, डॉक्टरांचे काय, ते आज एक सांगतात आणि उद्या दुसरे. ह्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. १९६० आणि १९७०च्या दशकांत अकाली सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठी इस्पितळात शिरेतून मद्यार्क देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. पुढे तिचे तोटे ध्यानात आले आणि ती सोडून देण्यात आली. सल्ला बदलला तो पुरावा वाढला म्हणून. जो वैद्य नवा पुरावा पाहूनही जुनेच धरून बसतो, त्याच्यापेक्षा सल्ला बदलणारा वैद्य अधिक विश्वासाचा मानला पाहिजे.

दारू आपल्यात हराम आहे, तेव्हा आपल्या बायकांना त्या उपदेशाची गरज नाही, असे आपण म्हणतो. बहुतेक घरांच्या बाबतीत ते खरेही आहे. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही आसवे आणि अरिष्टे बाळंतिणीला शक्ती यावी म्हणून दिली जातात. ती मुरताना त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो आणि त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. ती मुळात बाळंतपणानंतरची औषधे आहेत. गरोदरपणातच कोणी प्रेमाने आणून दिली, तर झाकण उघडण्यापूर्वी डॉक्टरांना बाटली दाखवा.

आता आपल्या घरातल्या तंबाखूकडे वळू. २०१६-१७ साली देशभर झालेल्या सरकारी पाहणीत असे दिसले, की भारतातल्या शंभर प्रौढ स्त्रियांपैकी विडी-सिगारेट ओढणाऱ्या केवळ दोन आहेत, पण तंबाखू खाणाऱ्या, चघळणाऱ्या किंवा दातांना लावणाऱ्या जवळजवळ तेरा आहेत. म्हणजे दवाखान्यात नुसते "सिगारेट ओढता का?" असे विचारले, तर ह्या तेरा जणी उत्तरात येतच नाहीत. त्यात आपल्या महाराष्ट्रात मशेरी. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून भुकटी करायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. कोकणापासून घाटापर्यंत, हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत, ही सवय आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आलेली आहे.

मशेरीने पोटातल्या बाळाचे काय होते, हे शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज पडली नाही. ते काम आपल्या शेजारी मुंबईतच झाले. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईच्या वस्त्यांत घरोघर फिरून तीन ते सात महिन्यांच्या गरोदर अशा १२१७ स्त्रियांची नोंद केली आणि त्यांच्या बाळंतपणापर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्यांचे निष्कर्ष २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. ह्या बायकांपैकी शंभरी सतरा जणी तंबाखू वापरत होत्या, आणि त्यांत मशेरीच सर्वांत अधिक होती. शिक्षण, गरिबी, वय वगैरेंचे फरक हिशेबातून वगळल्यावरही तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली.

कोणी म्हणेल, १०५ ग्रॅम म्हणजे काय, एका बिस्किटपुड्याचे वजन. सहा दिवस म्हणजे एक आठवडासुद्धा नाही. पण सरासरी ही फसवी असते. काही बाळांना विशेष काही होत नाही आणि काहींवर सगळाच भार पडतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल होण्याचा संभव ह्या मातांत सुमारे दीडपटीहून अधिक होता. बत्तीस आठवड्यांच्या आत, म्हणजे साधारण साडेसात महिन्यांच्या आधीच, बाळंत होण्याचा संभव सुमारे पाचपट होता. दोन वर्षांनी, २००६ साली, ह्याच संशोधकांनी मृत जन्मलेल्या बाळांचा हिशेब प्रसिद्ध केला. तंबाखू न वापरणाऱ्या मातांमध्ये शंभरातली सुमारे तीन बाळे मृत जन्मली होती, तर वापरणाऱ्यांमध्ये सुमारे नऊ. दिवसातून जितक्या अधिक वेळा तंबाखू, तितका धोका अधिक, असेही त्यांना आढळले.

असे का होते, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. मशेरी हिरड्यांवर चोळली की तिच्यातले निकोटीन तोंडाच्या पातळ त्वचेतून थेट रक्तात उतरते. थुंकून टाकली तरी उतरायचे ते उतरलेले असते. आई आणि बाळ यांच्यामध्ये वार असते आणि वारेतून नाळेवाटे बाळाला अन्न आणि प्राणवायू मिळतो. वार पुष्कळ गोष्टी अडवते, पण निकोटीन तिला अडवता येत नाही, ते बाळाच्या रक्तात जाते. शिवाय निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून वारेकडे जाणारे रक्त कमी होते. शेतात पाट आहे, पण मधे कोणी बांध घातल्यामुळे पाणी निम्मेच येते, तसा हा प्रकार आहे. आपल्याकडे गरोदर बायकांत रक्तक्षय आधीच फार. आधीच पाणी कमी आणि त्यात पाट अडवलेला, मग पिकाने काय करावे?

इथे पुरुष मंडळींनी हसू नये, कारण पुढचा भाग त्यांचा आहे. अंबरनाथच्या विम्को कारखान्यातल्या आगपेट्या एके काळी दूरदूरपर्यंत घरोघर जात होत्या. त्या काडीने चूल पेटली आणि विडीही पेटली. विडी-सिगारेटच्या धुरात निकोटीनच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. रक्ताने ज्या जागी प्राणवायू वाहायचा, ती जागाच तो वायू अडवतो, आणि पोटातल्या बाळाचे रक्त तर त्याला अधिकच घट्ट धरून ठेवते. कारखान्यातली पाळी संपवून नवरा घरी येतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत विडी शिलगावतो, तेव्हा ओढणारा एक असतो आणि धूर घेणारी तिघे असतात : तो, त्याची बायको आणि तिच्या पोटातले मूल. खिडकी उघडी ठेवली म्हणून हा धूर टळत नाही. बायकोने मशेरी सोडावी असे ज्याला वाटते, त्याने आधी आपली विडी उंबऱ्याबाहेर ठेवावी. निदान नऊ महिने, आणि पुढे मूल लहान असेपर्यंत. कायमची सोडली तर फारच उत्तम.

आता घराघरांत जे आक्षेप ऐकू येतात, त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा, की आमची दादी जन्मभर मशेरी लावत होती आणि तिला सात मुले झाली. बरोबर आहे. पण दादी हयात असेल तर तिच्याजवळ बसून हलकेच विचारा, की सात झाली त्यांपैकी जगली किती? किती अपुऱ्या दिवसांची होती? पुष्कळ घरांत ह्या प्रश्नावर म्हातारी माणसे गप्प होतात. मात्र एक गोष्ट मी बजावून सांगते. ज्या आईचे मूल गेले, तिच्या माथी दोष मारण्यासाठी ह्या माहितीचा कोणीही उपयोग करू नये. मूल दगावण्याची कारणे अनेक असतात. त्या माऊलीला हे कोणी सांगितलेच नव्हते, आणि न सांगितलेल्या गोष्टीचा जाब तिला विचारणे हा अन्याय आहे. आपण शिकलो ते पुढच्या आईसाठी.

दुसरा आक्षेप असा, की मशेरी सोडली तर दात दुखतात, पोट साफ होत नाही आणि डोके धरते. सोडल्यावर पहिले काही दिवस असा त्रास होतो, हे खरे आहे. चिडचिड होते, झोप लागत नाही. पण तो त्रास दिवसागणिक कमी होत जातो. दात दुखत असतील तर मशेरीने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. त्यासाठी दातांच्या डॉक्टरांकडे जावे. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात, फक्त आपण गरोदर आहोत हे त्यांना आधी सांगावे. पोटासाठी भरपूर पाणी, पालेभाजी, फळे आणि रोजचे चालणे हा उपाय आहे. निकोटीनचे गम किंवा चकत्या बाजारात मिळतात, पण गरोदर बाईने त्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

तिसरा आक्षेप असा, की इतक्या वर्षांची सवय सुटतच नाही. त्यांना मी रमजानची आठवण करून देते. रमजानमध्ये मशेरी लावणारी बाई सहरीपासून इफ्तारपर्यंत मशेरीला बोट लावत नाही. तेरा-चौदा तास आपण मशेरीवाचून राहू शकतो, हे ती महिनाभर रोज स्वतःच सिद्ध करत असते. आणखी एक गोष्ट. बाळाच्या किंवा आईच्या प्रकृतीला धोका वाटत असेल, तर गरोदर बाईला रोजे पुढे ढकलण्याची सवलत आपल्या धर्माने दिलेली आहे. ज्या जिवासाठी फर्ज रोजासुद्धा पुढे ढकलता येतो, त्या जिवासाठी मशेरी बाजूला ठेवणे जड का वाटावे?

चौथा आक्षेप असा, की आता पाचवा महिना लागला, आता सोडून काय उपयोग? सिगारेट ओढणाऱ्या मातांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे, की पहिल्या तीन-चार महिन्यांत ज्यांनी ती सोडली, त्यांच्या बाळांचे वजन कधीच न ओढणाऱ्या मातांच्या बाळांच्या जवळपास येते. त्यानंतर सोडली तरी फायदा होतोच, कारण बाळाचे वजन शेवटच्या महिन्यांत झपाट्याने वाढते. तेव्हा ज्या दिवशी कळले, तोच सोडण्याचा दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा सुरू करू नका, कारण निकोटीन अंगावरच्या दुधातही उतरते. मात्र सवय सुटली नाही म्हणून दूध पाजणे बंद करू नका. आईच्या दुधाची बरोबरी दुसरे काही करू शकत नाही. डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि सोडण्याचा प्रयत्न चालू ठेवा.

आता डॉक्टरांशी बोलायचे कसे? पुष्कळ बायका मशेरीची गोष्ट लपवतात, कारण डॉक्टर चारचौघांत रागावतील अशी त्यांना भीती वाटते, किंवा सासूबाई सोबत असतात. माझे सांगणे असे, की लपवल्याने तुमचा मान राहत नाही, उलट तुमच्या बाळाची तपासणी अपुरी राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सांगितले आहे, की प्रत्येक गरोदर स्त्रीला तंबाखूबद्दल आणि घरातल्या धुराबद्दल पहिल्या भेटीत आणि पुढे प्रत्येक भेटीत विचारावे. तेव्हा हा प्रश्न म्हणजे तुमच्या वागणुकीवर घेतलेला संशय नव्हे, ती तपासणीचाच भाग आहे. रक्तदाब मोजतात, तसेच हे. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही सांगा : "मी मशेरी लावते, दिवसातून इतक्या वेळा." मग अंबरनाथ असो, बदलापूर असो, की उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय असो, सगळीकडे हेच करा. सासूबाईंनाही विनंती आहे, की सुनेला तपासणीच्या खोलीत चार मिनिटे एकटीला बोलू द्या. आणि घरात मशेरी भाजणे तेवढे महिने थांबवा, कारण तो धूरही तिच्याच नाकात जातो.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे वळते. मशेरीची किंवा जर्द्याची पुडी आणायला वाण्याकडे कोणाला धाडतात? बहुधा तुम्हालाच. २००३ सालच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा गुन्हा आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकण्यास बंदी आहे. तेव्हा अदबीने सांगा, "खाला, मला देत नाहीत." हे सांगताना आवाज चढवू नका, वडीलधाऱ्यांचा पाणउतारा करू नका. सोडण्याची इच्छा असलेल्यांना सरकारच्या १८००-११-२३५६ ह्या फुकट दूरध्वनीवरून सल्ला मिळतो. २०१८ सालापासून तो आकडा तंबाखूच्या पुड्यांवरच छापण्याचा नियम झाला. अम्मीला किंवा आपाला वाचता येत नसेल, तर तुम्ही तो वाचून लावून द्या. आणि मुलींनो, तुमच्या बोटाला अजून मशेरी लागलेली नसेल, तर ती लागू देऊ नका. आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आलेली ही साखळी तुमच्यापाशी तुटू शकते.

पालकहो, आज घरी गेल्यावर एक काम करा. घरात, शेजारी किंवा नात्यात कोणी गरोदर असेल, तर तिचे तपासणीचे कार्ड काढून बघा. तंबाखूपुढे 'नाही' लिहिले असेल आणि ती मशेरी लावत असेल, तर पुढच्या खेपेला दवाखान्यात जाऊन तिथे 'मशेरी' हा शब्द लिहून घ्या. एवढा एक शब्द कागदावर आला, की डॉक्टरांचा सल्ला योग्य जागी पोहोचेल आणि बाळाचे वजन, दिवस आणि आईचे रक्त यांकडे वेळीच लक्ष जाईल. पुढे सहा वर्षांनी ते मूल ह्याच शाळेत नाव घालायला येईल, तेव्हा ते धडधाकट असावे, एवढीच माझी तळमळ आहे.